ब्रेकच्या खाती गेलेले पेट्रोल

नवी मोटार घेण्याच्या इराद्याने शोरूममध्ये शिरलेला मराठी गृहस्थ रंगाविषयी, आसनांविषयी, किंबहुना इंजिनाच्या सामर्थ्याविषयीही चौकशी करण्यास एखादे वेळी विसरेल. परंतु ‘गाडी किती देते?’ हा सवाल टाकल्यावाचून तो तेथून बाहेर पडणार नाही. विक्रेताही या सवालाला सरावलेला असल्यामुळे दशांश चिन्हापुढील आकड्यांसह जबाब तत्काळ देतो. तो ऐकून गृहस्थ संतुष्ट होतो, पेढे वाटले जातात, गाडी दारात उभी राहते, आणि दोन-तीन महिन्यांच्या आत त्याच्या ध्यानात येते की सांगितलेल्या आकड्याच्या आसपासही आपली गाडी फिरकत नाही. मग संशयितांची यादी तयार होते. कंपनीने थाप मारली, पंपवाल्याने माप मारले, गॅरेजवाल्याने सर्व्हिसिंग धड केले नाही, असे आरोप एकामागून एक ठेवले जातात. या साऱ्या चौकशीत ज्याला कधीच जाब विचारला जात नाही असा एकच इसम उरतो, आणि तो म्हणजे स्टिअरिंगमागे बसलेला खुद्द मालक.

विक्रेत्याने सांगितलेला आकडा खोटा नसतो, एवढे प्रथम कबूल केले पाहिजे. असे आकडे प्रमाणित करणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, ही पुण्यातच वेताळ टेकडीवर वसलेली आहे. पुणेकर त्या भागाला एआरएआय टेकडी याच नावाने ओळखतात. तेथील प्रयोगशाळेत गाडी जागची हलत नाही, तिची चाके तेवढी रुळांवर फिरतात. ठरवून दिलेल्या क्रमाने वेग वाढवीत आणि घटवीत सुमारे वीस मिनिटांत अकरा किलोमीटरच्या आसपासचे अंतर कापले जाते. कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, सरासरी वेग ३२ किलोमीटरच्या घरात राहतो, आणि आजवरच्या पद्धतीत एसी बंद ठेवलेला असतो. या सफरीत आडवी येणारी रिक्षा नाही, खड्डा नाही, चढ नाही आणि समोरून वाराही नाही. दोन गाड्यांची परस्परांशी तुलना करावयास हा आकडा उत्तम आहे. मात्र तो आपल्याशी केलेला करार आहे असे समजून वसुलीचा तगादा लावणे गैर होय.

प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरील अनुभव यांतील तफावत नेमकी कोठे पडते हे पाहावयाचे तर एक लिटर पेट्रोलचा जमाखर्च मांडून पाहिला पाहिजे. एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत जवळजवळ नऊ युनिट, इतकी ऊर्जा साठविलेली असते. परंतु इंजिन हे उष्णतेवर चालणारे यंत्र असल्यामुळे या ऊर्जेचा फार मोठा हिस्सा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून तप्त हवेच्या रूपाने निघून जातो. काही भाग यंत्रातील घर्षण खाऊन टाकते, आणि प्रत्यक्ष चाकांपर्यंत जे पोहोचते ते साधारणपणे चतुर्थांशाहून फारसे अधिक नसते. उष्णतेच्या या गळतीवर चालकाचा अंमल मर्यादितच चालतो. त्याचे खरे राज्य चाकांपर्यंत आलेल्या या चौथाईवर असते. तिच्यावर मात्र चार सावकार हक्क सांगत उभे असतात: स्थिर गाडीला गती देताना आड येणारे तिचे जडत्व, रस्त्यावर दबत-उमलत फिरणारे टायर, समोरून अडविणारी हवा, आणि चढावर खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण. टायर आणि हवा यांना दिलेली रक्कम कायमची जाते. जडत्व आणि चढ यांना दिलेली रक्कम मात्र ठेव म्हणून शिल्लक राहते, आणि ती परत मिळविण्याची मुभा प्रत्येक चालकाला असते. बहुतेक जण ही मुभा ब्रेक दाबून आपण होऊन सोडून देतात.

हे विधान अतिशयोक्त वाटू नये म्हणून थोडे गणित करू. माणसांसह १,२०० किलो भरणारी लहान मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या अंगी सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ती निर्माण करण्यास, वरील चौथाईच्या हिशेबाने, वीस मिलिलिटरच्या थोडे वर पेट्रोल जळालेले असते. पुढचा सिग्नल लाल आहे हे दुरून दिसत असतानाही जो चालक थेट पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गाडी पळवीत नेतो आणि तेथे ब्रेकवर उभा राहतो, त्याने एवढे पेट्रोल ब्रेकच्या चकत्या तापविण्याकरिता खर्च केले असे समजावे. असे पन्नास प्रसंग आले की लिटरभर पेट्रोल खलास; आणि शहरातून रोज कचेरीला जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे पन्नास प्रसंग येण्यास आठवडाही लागत नाही. शिवाय ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ३० किलोमीटर वेगातून थांबण्याची किंमत ६० च्या मानाने केवळ एक चतुर्थांश पडते, तर १०० वरून थांबण्याची किंमत पावणेतीन पटींहून अधिक होते. यावरून काटकसरीचे पहिले कलम आपोआप सिद्ध होते: ज्या वेगाचा उपभोग घेण्याआधीच तो मोडावा लागणार आहे, तो वेग मुळात कमावूच नये.

विजेच्या आणि हायब्रिड मोटारींनी याच तत्त्वाचा यंत्रात अंतर्भाव केला आहे. वेग कमी करताना त्यांची मोटर उलट जनित्राचे काम करते आणि गतीतील ऊर्जेचा बराचसा अंश पुन्हा बॅटरीत जमा करते. त्यामुळेच वारंवार थांबावे लागणाऱ्या शहरी रहदारीत हायब्रिड गाडी साध्या गाडीला सहज मागे टाकते. साध्या पेट्रोल गाडीत हे जनित्र नाही. तेथे त्याची कामगिरी चालकाच्या नजरेला पार पाडावी लागते.

ही कामगिरी म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एखाद्या गजबजलेल्या रस्त्यावर दोन चालकांकडे बारकाईने पाहिले असता समजते. एकाची नजर पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटलेली असते. तो बंपर लांब गेला की याचा पाय ॲक्सिलरेटरवर, जवळ आला की ब्रेकवर. दहा मिनिटांच्या अवधीत त्याचा उजवा पाय या दोन पट्ट्यांमध्ये सारखा ये-जा करीत राहतो आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीची मान पुढे-मागे डोलत राहते. दुसरा पुढच्या चार-पाच गाड्यांपलीकडे बघत असतो. बस थांब्याशी येते आहे, सिग्नल बराच वेळ हिरवा आहे म्हणजे आता बदलणार, उजवीकडचा टेम्पो वळण्याच्या बेतात आहे, हे त्याने हेरून ठेवलेले असते; म्हणून तो पन्नास-शंभर मीटर आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, गाडी गिअरमध्येच ठेवून आपल्या वेगाने ओसरू देतो, आणि पुष्कळदा तो सिग्नलपाशी पोहोचेपर्यंत दिवा हिरवा झालेला असल्यामुळे न थांबताच पुढे निघतो. दोघेही पुढच्या चौकात बहुधा शेजारी-शेजारीच उभे असतात. पहिल्याने जी लगबग केली तिचा मोबदला त्याला वेळेच्या रूपाने मिळालेला नसतो. पेट्रोलचे बिल मात्र त्याचे अधिक झालेले असते.

येथे न्यूट्रलविषयी प्रचलित असलेल्या एका समजुतीचा परामर्श घेणे प्राप्त आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करावी, किंबहुना चावी फिरवून इंजिनच बंद करावे, म्हणजे पेट्रोल वाचते, असे सांगणारे अनुभवी लोक अजूनही भेटतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात या म्हणण्यात थोडे तथ्य होते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील गाड्यांत इंधन फवारण्याचा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेल्यापासून परिस्थिती पालटली आहे: गाडी गिअरमध्ये असताना, इंजिनाचे फेरे पुरेसे असताना आपण ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्णपणे काढला, की ही यंत्रणा इंधनाचा पुरवठाच तोडते आणि इंजिन चाकांच्या जोरावर फुकट फिरत राहते. उलट न्यूट्रलमध्ये टाकलेले इंजिन बंद पडू नये म्हणून यंत्रणेला थोडे थोडे पेट्रोल पाजावेच लागते. म्हणजे ज्या ठिकाणी वेग आवरावयाचाच आहे त्या ठिकाणी न्यूट्रल हे केवळ धोक्याचे आहे असे नाही, तर खर्चाचेही आहे.

धोक्याची बाजू घाटात प्रत्ययास येते. मुंबईहून पुण्याकडे येताना खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढते. आपली १,२०० किलोंची मोटार तेवढी वर उचलण्यास साडेसहा मेगाज्यूलच्या आसपास काम करावे लागते, आणि त्यापायी अंतराचा खर्च वेगळा धरूनही पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल केवळ उंचीच्या खाती पडते. ही उंची म्हणजे ठेवच होय. परतीच्या प्रवासात ती उतारावर वापरावयास मिळते, आणि गाडी गिअरमध्ये ठेवून उतरणाऱ्याला घाटाचा बराच मोठा टप्पा जवळजवळ इंधनावाचून पार करता येतो. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने तो उतरावा, हा जुन्या ट्रक-ड्रायव्हरांचा दस्तूर आहे. तो सोडून जो न्यूट्रलमध्ये उतरतो त्याच्या गाडीचा सारा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापून पकड सोडू लागतात. आणि इंजिन बंद केले असेल तर ब्रेकला मिळणारे साहाय्य संपते आणि स्टिअरिंग जड होते. चमचाभर पेट्रोलाच्या आशेने पत्करावयाचा हा सौदा नव्हे.

तिसरा सावकार, म्हणजे हवा, शहरात फारसा तगादा लावीत नाही; त्याची वसुली हमरस्त्यावर सुरू होते आणि ती अत्यंत कठोर असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेत १०० ला तो दीडपटीहून अधिक आणि १२० ला सव्वादोन पट होतो. टायरांचा विरोध त्या मानाने स्थिर असल्यामुळे एकूण खर्च इतक्या पटींनी वाढत नाही. तरीही ८० आणि १०० यांतील फरक गाडीच्या मायलेजमध्ये ठळकपणे उमटतो. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाची लांबी ९४.५ किलोमीटर आहे. ती सलग ताशी १०० च्या गतीने कापली तर ५७ मिनिटे लागतील, ८० च्या गतीने कापली तर ७१. म्हणजे चौदा मिनिटांसाठी लहान गाडीला लिटरभराच्या आसपास पेट्रोल अधिक मोजावे लागेल. ज्याला ती चौदा मिनिटे मोलाची वाटतात त्याने ती खुशाल विकत घ्यावी. फक्त आपण काहीतरी विकत घेत आहोत याची त्याला जाणीव असावी.

राष्ट्राच्या पातळीवर हाच हिशेब एकदा कायद्याने अमलात आणला गेला होता. १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियातील युद्धादरम्यान अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली, काही महिन्यांत कच्च्या तेलाचे भाव चौपट झाले, आणि पेट्रोलच्या उधळपट्टीबद्दल ख्यात असलेल्या अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत साऱ्या देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरांची, वेगमर्यादा घातली. हा निर्बंध पूर्णपणे उठण्यास १९९५ साल उजाडावे लागले. आपल्याकडे १९७८ साली स्थापन झालेली ‘पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन’ ही सरकारी संस्था तर ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग सर्वांत किफायतशीर म्हणून सांगत आली आहे. द्रुतगती मार्गावर हा वेग पाळणे व्यवहार्य नसले तरी गावातून आणि तालुक्याच्या रस्त्यांवरून जाणाऱ्यास तो सहज पाळता येण्यासारखा आहे.

गिअरविषयीही पुष्कळांच्या मनात उलटी कल्पना असते. वरचा गिअर टाकल्यास इंजिनावर ताण येऊन पेट्रोल अधिक जळेल असे त्यांना वाटते, म्हणून ते तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला आक्रोश करावयास लावून चाळीस-पन्नासच्या वेगाने जात राहतात. वस्तुतः तोच वेग कमी फेऱ्यांत राखला तर यंत्रातील घर्षण कमी होते आणि श्वास कोंडलेल्या अवस्थेत हवा ओढण्याचे इंजिनाचे कष्टही घटतात. सपाट रस्त्यावर गाडी विनातक्रार ओढते तोवर वरचा गिअर योग्य. ती हिसके देऊ लागली किंवा इंजिन ठोके टाकू लागले की खाली यावे. क्लचवर विनाकारण पाय ठेवून बसण्याची सवय मात्र पेट्रोल आणि क्लच-प्लेट या दोहोंच्या मुळावर येते.

उभ्या गाडीचे चालू इंजिन तर निव्वळ तोट्याचा धंदा होय, कारण तेथे लिटरमागे मिळणारे अंतर शून्य असते. लहान मोटारही अशा अवस्थेत तासाला अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल सहज फस्त करते. त्यामुळे रेल्वेच्या फाटकापाशी, टोलच्या रांगेत अथवा लांब मुदतीच्या सिग्नलपाशी इंजिन बंद करणे नेहमीच हिताचे आहे. अर्धे मिनिट थांबावे लागणार असले तरी पुन्हा सुरू करण्याचा खर्च त्याहून कमीच भरतो. सकाळी गाडी सुरू करून पाच-सात मिनिटे अंगणात ‘गरम’ होऊ देण्याचा प्रघातही कार्ब्युरेटरबरोबरच निवृत्त व्हावयास हवा होता. इंजिन उभ्याने सावकाश तापते आणि चालत असताना लवकर. म्हणून सुरू केल्यावर लगेच हळुवार निघावे हे उत्तम. थंड इंजिन पेट्रोल अधिक पिते, याचाच दुसरा अर्थ असा की कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणण्यासाठी काढलेली मोटार तिच्या आयुष्यातील सर्वांत महागडा किलोमीटर चालत असते.

टायरांतील हवा, एसी आणि ओझे या बाबी प्रसिद्ध असल्याने त्यांचा परामर्श थोडक्यात घेऊ. हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना, दारावरील पत्रकात दिलेल्या आकड्याइतकी भरावी. कमी हवेने टायर अधिक दबतो आणि अधिक ऊर्जा खातो, पण म्हणून आकड्याबाहेर भरली तर पकड जाते. एसी दर तासाला जवळपास सारखेच मागत असल्यामुळे कोंडीत रखडलेल्या गाडीवर त्याचा बोजा प्रतिकिलोमीटर फार पडतो आणि मोकळ्या रस्त्यावर तो नगण्य ठरतो; सबब गावात मंद गतीने जाताना खिडक्या उघड्या आणि हमरस्त्यावर त्या बंद, हा साधा नियम पुरेसा आहे. छतावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवावे, कारण ते वजनाने हलके असले तरी हवेला चांगलेच अडविते.

याखेरीज बाजारात इंधनाच्या नळीवर बसवावयाची लोहचुंबके आणि टाकीत ओतावयाची जादूची औषधे विकली जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आणि त्यांपैकी फारच थोड्यांनी काही लाभ दाखविला, तोही किरकोळ. उलटपक्षी, मायलेज घटण्यामागे इंधनातील बदल हे एक खरे कारण आहे, आणि त्याचा संबंध महाराष्ट्रातील उसाच्या फडांशी पोहोचतो. पंपावरील पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते; त्यामुळे मिश्रणाच्या लिटरमधील ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी खाली येते, आणि गाडीगणिक कमी-अधिक प्रमाणात हा फरक पाच-सहा वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी तुलना करणाऱ्याला जाणवतो.

आता हे सारे खरे की खोटे, याची खातरजमा ज्याची त्याने करावी. आणि तिची रीत अगदी सोपी आहे. पंपावर टाकी फुल करावयास सांगावी आणि नळी ‘ऑटो कट’ने आपोआप बंद झाली की तेथेच थांबवावी, पुढचा आकडा पूर्ण करण्यासाठी पंपावरचा मुलगा आणखी दोन-चार वेळा खटका दाबू पाहतो, त्याला नम्रपणे मनाई करावी. ट्रिप मीटर शून्यावर आणावा. टाकी पाऊण रिकामी झाली की शक्यतो त्याच पंपावर, त्याच रीतीने ती पुन्हा फुल करावी आणि चाललेल्या अंतराला आता भरलेल्या लिटरांनी भागावे: ४३२ किलोमीटर आणि २७ लिटर, तर मायलेज १६. काट्याच्या अंदाजाने किंवा पाचशे रुपयांच्या पेट्रोलात गाडी किती चालली यावरून काढलेले ॲव्हरेज म्हणजे नुसती गप होय.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या एसटीच्या कारभारात तर डिझेलचा हा हिशेब दहा लिटरमागे किती किलोमीटर, अशा मापाने मांडला जातो. कारण हजारो बसगाड्यांच्या बाबतीत दशांशातील फरकही खजिन्याला भारी पडतो, आणि तीच बस, तोच रस्ता असताना चालक बदलला की आकडा बदलतो हे तेथे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते हे पाहता घरच्या गाडीलाही अशी वही असावी, ही मागणी जाचक नाही. एक टाकी नेहमीच्या शिरस्त्याने चालवावी. दुसरी चालविताना गाडीत, पेट्रोलात, रस्त्यात काडीचाही बदल न करता फक्त पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे आणि ब्रेकची गरज पडेल असे दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा. दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून वजाबाकी केली, की कंपनी, पंपवाला आणि गॅरेजवाला यांच्यावरील आरोपांपैकी किती मागे घ्यावयाचे, ते प्रत्येक मालकाला स्वतःच ठरविता येईल.